डाव्या पायाची विद्या

गेल्या दसऱ्याला आमच्या अंगणात आलेल्या गाडीला दोनच पेडल आहेत. जिथे एरवी डावा पाय क्लचवर असतो, तिथे रबर लावलेली एक सपाट जागा आहे आणि तिच्यावर टेकून राहण्यापलीकडे त्या पायाला काही काम नाही. गाडी माझ्या पत्नीच्या नावावर आहे, हप्ते तिच्या पगारातून जातात आणि कोणती गाडी घ्यायची हेही तिनेच ठरवले. अमरावतीच्या शोरूममधला मुलगा मायलेज, एअरबॅग आणि मागचा कॅमेरा यांची माहिती देत असताना तिने त्याला मध्येच थांबवून विचारले होते, ‘‘याच्यात क्लच नाही ना?’’ तो नाही म्हणाला, तेव्हा तिने मोकळा श्वास घेतलेला मी शेजारी बसून ऐकला आणि त्याच क्षणी आपल्या घरातून काहीतरी कायमचे निघून चालले आहे, असे मला वाटले. तेव्हापासून मी तिचा तो श्वास आणि माझे ते वाटणे या दोन्हींचा विचार करतो आहे, कारण दोन्हींपैकी एकही खोटे नव्हते.

मी गाडी शिकलो 1989 साली, सतराव्या वर्षी. आमचे गाव परतवाड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. संत्र्याच्या बागा, कापूस आणि तूर यांवर इथली घरे चालतात. मोठ्या बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाने, सरकारी लिलावातून एक जुनी महिंद्रा जीप घेतली होती. तिला पुढचे तीन आणि मागचा एक असे गिअर होते आणि पहिला गिअर चालत्या गाडीत टाकू गेले तर दात दातांवर घासून असा आवाज निघे की बांधावरची माणसे वळून पाहत. उन्हाळ्याच्या तोंडाशी, पऱ्हाट्या उपटून मोकळ्या झालेल्या वावरात, त्यांनी मला स्टेअरिंगमागे बसवले आणि स्वतः शेजारी बसून एवढेच सांगितले, ‘‘डोयाले काम देऊ नको, कानाले दे. दुसरा गिअर कवा पायजे ते गाडी सोता सांगते.’’ त्यानंतर ते काही बोलले नाहीत. जीप सात-आठ वेळा गचका खाऊन बंद पडली, प्रत्येक वेळी ती पुन्हा सुरू करायची खूण त्यांनी हाताने केली आणि मी चुकीच्या वेळी गिअर टाकला तरी त्यांनी ‘आता टाक’ किंवा ‘आता नको’ असे एकदाही म्हटले नाही. दिवस मावळायच्या सुमाराला इंजिनाचा आवाज चढत चढत एका ठिकाणी आल्यावर माझा डावा पाय आपोआप खाली गेला, हात दांड्यावर गेला आणि दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसला. मोठ्या बाबांनी तेव्हाही काही म्हटले नाही. त्यांनी खिशातून सुपारी काढली आणि अडकित्त्याने कातरायला घेतली. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मला पुढे कधी मिळाली नाही.

नंतर मी विज्ञानाचा शिक्षक झालो आणि त्या संध्याकाळी नेमके काय घडले ते मला पुस्तकी भाषेतही कळले. गाडीच्या इंजिनाची मूळ अडचण अशी आहे की ते शून्यापासून सुरू होऊ शकत नाही. ते फिरत असेल तरच जोर देते आणि तो जोरही एका ठराविक पट्ट्यातच चांगला देते. त्याहून सावकाश फिरले तर गुदमरते, त्याहून जोरात फिरले तर नुसता आवाज करते. चाकांना मात्र उभ्या अवस्थेपासून वेगापर्यंत सगळेच हवे असते. या दोघांत मध्यस्थी करायला वेगवेगळ्या दातांच्या चाकांची पेटी लागते आणि ती बदलताना इंजिन व चाके यांना क्षणभर एकमेकांपासून सोडवायला क्लच लागतो. पुढे इंजिन, त्यामागे क्लच, त्यामागे सरकत्या दात्यांची गिअरपेटी आणि मग मागची चाके ही मांडणी पान्हार-लव्हासोर या फ्रेंच कारखान्याने 1891 साली बसवली आणि पुढची कित्येक दशके जगभरातल्या गाड्या तिच्यावर चालल्या. गिअर घासू नये म्हणून दोन दात्यांचा वेग आधी जुळवून देणारी सिंक्रोमेशची सोय 1928 साली कॅडिलॅकमध्ये आली; आमच्या जीपच्या पहिल्या गिअरपर्यंत ती पोहोचलेली नव्हती, म्हणून तिथे वेग जुळवण्याचे काम चालकालाच करावे लागे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर, अशी ती ‘डबल क्लच’ची चाल एसटीच्या जुन्या चालकांच्या पायात इतकी भिनलेली असे की ती करताना त्यांचे वरचे अंग हलतही नसे.

या सगळ्यात सर्वांत नाजूक जागा आहे ती ‘हाफ क्लच’ची. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, क्लच प्लेट पूर्ण दाबलीही गेलेली नाही आणि पूर्ण सुटलेलीही नाही, ती घसरत घसरत पकड घेते आहे, तो हा क्षण. चढावर उभी असलेली भरलेली गाडी मागे न सरकता उचलायची असेल तर हा क्षण नेमका ओळखावा लागतो. तळपायाला बारीक थरथर जाणवते, गाडीचे नाक किंचित वर उठते आणि इंजिनाचा आवाज एक पायरी खाली येतो. प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर पकडतो आणि प्लेट झिजत जाते तशी ती उंचीही बदलते, म्हणून दुसऱ्याची गाडी हातात घेतली की पहिल्या दहा मिनिटांत पायाला तिची ओळख करून घ्यावी लागते. मोठे बाबा तरुणपणी शंकरपटात बैल पळवत आणि ते म्हणत की बैल दमला हे धुरकऱ्याला कासऱ्यातून आधी समजते, बैलाच्या तोंडाला फेस नंतर येतो. क्लचमधून मला गाडीचे असेच समजत आले आहे: प्लेट घासली आहे, गाडीत ओझे जास्त झाले आहे, चाक चिखलात नुसते फिरते आहे, हे डॅशबोर्डवर दिवा लागण्याच्या कितीतरी आधी पायाला कळते.

आमच्याकडे या विद्येची खरी परीक्षा चिखलदऱ्याच्या घाटात होते. चिखलदरा सुमारे 1100 मीटर उंचीवर आहे आणि परतवाड्याहून निघालेली गाडी 30 किलोमीटरच्या आसपास अंतरात 700 मीटर वर चढते. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा नियम इकडच्या प्रत्येक चालकाला ठाऊक आहे आणि तो निव्वळ अनुभवातून आलेला असला तरी शास्त्राला धरून आहे. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंजिन आपल्या आतल्या हवेच्या दाबाने व घर्षणाने गाडीला मागे ओढून धरते. ब्रेकवरच विसंबून उतरले तर ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि अगदी तापले की पेडल दाबूनही गाडी थांबेनाशी होते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करण्याची खोड आमच्या भागात अनेकांना आहे आणि ती मला कधीच सहन झालेली नाही. हल्लीच्या इंजेक्शनच्या इंजिनात तर तिला काही अर्थही उरलेला नाही, कारण गाडी गिअरमध्ये असताना रेसवरचा पाय काढला की इंधन बंद होते आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरते ठेवण्यासाठी ते जळतच राहते.

हे सगळे मला ज्या माणसाने न बोलता शिकवले, त्याची शिकवण मी पुढे कशी दिली हे सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी, 1998 साली, पत्नीने जीप शिकण्याची इच्छा व्यक्त केली होती. त्याच वावरात मी तिला बसवले आणि पहिल्या पाच मिनिटांत मी बोलायला लागलो. क्लच सोड, एवढ्या लवकर नको, रेस दे, किती रेस देतेस, गिअर टाक, आवाज ऐकू येत नाही का. जीप चौथ्यांदा बंद पडली तेव्हा बांधावर उभे असलेले दोघे-तिघे हसले आणि मी त्यांना थांबवले नाही. ती शांतपणे खाली उतरली, पदर खोचून घराकडे चालत गेली आणि नंतर पंचवीसहून अधिक वर्षे तिने तो विषय काढला नाही. ‘बायांच्या पायाले क्लच जमत नाही’ हे वाक्य आमच्या गावात सहज बोलले जाते. ते ज्यांनी-ज्यांनी बोलले त्यांच्यापैकी कितीजणांनी एखाद्या बाईला एक आख्खी संध्याकाळ चुका करू दिल्या, हे मी आता स्वतःला विचारतो. मोठ्या बाबांनी मला सात-आठ वेळा चुकू दिले होते. मी तिला चार वेळाही दिले नाही.

तिचा मार्ग मग दुसरीकडून निघाला. ती अंगणवाडीची पर्यवेक्षिका आहे आणि तिच्याकडे पायथ्याच्या व डोंगरातल्या अनेक गावांचे काम आहे. सुरुवातीची वर्षे ती एसटीने, काळी-पिवळी जीपने आणि शेवटचे दोन-तीन कोस पायी जात असे. 2006 साली तिने गिअर नसलेली स्कूटर घेतली आणि तिचे जग एकदम रुंदावले. आपल्या देशात अशी पहिली स्कूटर किनेटिक होंडा 1984 च्या सुमाराला आली, पण खेड्यांपर्यंत ही सोय खरी पोहोचली ती 2001 साली ॲक्टिव्हा आल्यानंतरच्या वर्षांत. तिच्यात गिअरपेटीऐवजी एक पट्टा आणि आपोआप रुंद-अरुंद होणाऱ्या दोन कप्प्या असतात, रेस दिली की वेगाप्रमाणे प्रमाण आपसूक बदलत जाते. विदर्भातल्या खेड्यांत शिक्षिका, परिचारिका, आशा कार्यकर्त्या आणि तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुली यांच्या आयुष्यात या पट्ट्याने आणि कप्प्यांनी जे केले ते मोठमोठ्या योजनांच्या तोडीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुचाकीतला गिअर गेल्याची हळहळ मी कुणा बाईच्या तोंडून कधी ऐकलेली नाही.

आता मागच्या पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. आमच्या शेजारच्या बागेत संत्र्याच्या झाडांखाली निंदण करून परतणाऱ्या एका मजूर बाईला अंधार पडता पडता साप चावला. रुग्णवाहिका त्या वेळी दुसऱ्या गावाला गेलेली होती. मी अमरावतीला होतो. गल्लीत एक पिकअप उभी होती, तिची किल्ली मालकाच्या घरी होती, पण तिचा चालक चार कोसांवरच्या आपल्या गावी गेलेला होता. चारचाकीचा परवाना असलेली दोन मुले तिथे हजर होती. दोघेही शहरात नोकरीला, सुट्टीवर आलेले, दोघेही ऑटोमॅटिकवर शिकलेले. एकाने हिमतीने पिकअप सुरू केली, पण मागे भरलेले कॅरेट, समोर चिखल आणि चढण. गाडी तीनदा बंद पडली आणि तिसऱ्या वेळी मागे सरकून कुंपणाला टेकली. शेवटी एसटीतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ अनवाणी धावत आले, त्यांनी कॅरेट उतरवायला सांगितले आणि दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी सावकाश सोडत, चाक फिरू न देता ती गाडी चिखलातून काढली. पहिल्या गिअरमध्ये चाकाला जोर जास्त मिळतो आणि काळ्या मातीच्या चिखलात जास्तीचा जोर म्हणजे जागेवर फिरणारे चाक, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. बाई वेळेवर दवाखान्यात पोहोचली, तिला प्रतिविष मिळाले आणि ती आज कामावर आहे. त्या मुलांचा दोष मला मुळीच वाटत नाही. ते जे शिकले होते ते त्यांना चांगले येत होते. गर्दीत कडेला माझी पत्नीही उभी होती. रात्री मी परतलो तेव्हा ती जागी होती आणि मला म्हणाली, ‘‘मला गाडी आली पाहिजे. या दसऱ्याच्या आत.’’

तिने ऑटोमॅटिक का निवडली हे त्यामुळे मला समजते. तिला वेळ दवडायचा नव्हता. तीन आठवड्यांत ती गाडी चालवू लागली, दिवाळीनंतर परतवाड्याच्या बाजारात, संक्रांतीपर्यंत मेळघाटातल्या सेमाडोहच्या घाटरस्त्यावर. माझ्या आईचे गुडघे गेलेले आहेत, तिला आता तपासणीसाठी माझ्या सुट्टीची वाट पाहावी लागत नाही. माझा एक जुना विद्यार्थी आहे, लहानपणी पोलिओने त्याचा डावा पाय गेला. तो अशाच गाडीवर आपले कृषी सेवा केंद्र चालवतो, कारण तिच्यात त्या पायाकडे काही मागणेच नसते. ज्या विद्येचा मला अभिमान आहे तिने या माणसांना इतकी वर्षे बाहेर उभे केले होते, ही गोष्ट मला टाळता येत नाही.

ऑटोमॅटिकचा इतिहास आपल्याला वाटतो तितका नवा नाही. तेलाच्या प्रवाहातून जोर पुढे नेणारा टॉर्क कन्व्हर्टर हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 साली जहाजांसाठी शोधला आणि अमेरिकेत जनरल मोटर्सने 1940 च्या मॉडेलपासून हायड्रामॅटिक ही संपूर्ण स्वयंचलित गिअरपेटी बाजारात आणली. अमेरिकेत 1980 च्या सुमाराला विकल्या जाणाऱ्या दर तीन गाड्यांमागे एक हाताने गिअर टाकण्याची असे. आज शंभरात एक-दोन उरल्या आहेत. आपल्याकडे मात्र ऑटोमॅटिक अनेक वर्षे श्रीमंतांच्या गाडीतच राहिली, कारण ती महाग होती आणि तेल जास्त पीत होती; आणि आपला ग्राहक गाडीपाशी उभा राहून आधी ‘किती देते?’ असे विचारतो. हे चित्र 2014 साली बदलले. त्या वर्षी मारुतीने सेलेरिओत एएमटी दिली. या प्रकारात गिअरपेटी तीच, क्लच प्लेटही तीच, फक्त पायाचे आणि हाताचे काम एक छोटी यंत्रणा संगणकाच्या हुकमाने करते. मायलेज जवळपास तेवढेच राहिले, किंमत थोडीच वाढली आणि लहान गाडी घेणाऱ्या घरांत ऑटोमॅटिक शिरली. योगायोग असा की त्याच 2014 साली मारुती 800 आणि ॲम्बेसेडर या दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबले, ज्यांच्यावर देशाच्या दोन पिढ्यांनी गिअर टाकायला शिकून घेतले होते.

माझ्या पत्नीची गाडीही एएमटीच. म्हणजे तिच्यात क्लच नाही हे तितकेसे खरे नव्हते. क्लच आहे, फक्त तो तिच्या पायाखाली नाही. आणि हे तिला घाटात कळले. एएमटीला समोरचे वळण दिसत नाही. तिला फक्त वेग आणि रेसवरचा दाब कळतो. चढावर वळणाआधी रेस कमी केली की ती वरचा गिअर टाकते आणि वळण संपून रेस दिली की घोटाळत पुन्हा खालचा शोधते. सेमाडोहहून आल्यावर एकदा पत्नी मला म्हणाली, ‘‘घाटात ही गाडी दोन मनाची होते. आवाजावरून मला कळते की तिला खालचा गिअर हवा आहे, पण तिला नाही कळत.’’ मी तिला दांडा बाजूला सारून स्वतः गिअर ठरवण्याची सोय दाखवली. तेव्हापासून ती घाटात तशीच चालवते, दुसऱ्यात चढते आणि दुसऱ्यात उतरते. तिचा कान तयार झाला होता आणि तो तयार करायला ना मी लागलो, ना क्लच. यावर मी पुष्कळ विचार केला, कारण माझी आतापर्यंतची समजूत अशी होती की क्लचशिवाय ऐकणे शिकता येत नाही.

पुढे काय होईल याचा अंदाज मला आमच्या गावाच्या रस्त्यावर उभे राहून बांधता येतो. शहरात हाताचा गिअर लवकर मागे पडेल आणि त्यात नवल नाही. ट्रॅफिकमध्ये तासाभरात शेकडो वेळा क्लच दाबणे ही पायाला निव्वळ शिक्षा आहे. समृद्धी महामार्गावर, जिथे नागपूर ते मुंबईचा 701 किलोमीटरचा पट्टा 2025 च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला, एकदा टॉप गिअर पडला की पुढच्या टोलपर्यंत दांड्याला हात लावावा लागत नाही. खेड्यात मात्र तो बराच टिकेल. टेम्पो, पिकअप, बोलेरो आणि काळी-पिवळी जीप अजून क्लचवरच चालतात. ट्रॅक्टर तर आहेच, आणि आमच्याकडचा मुलगा पहिला गिअर गाडीत टाकत नाही, तो ट्रॅक्टरवर टाकतो. हाय-लोचा दांडा वेगळा, गिअरचा वेगळा, आणि दोन टप्प्यांचा क्लच, ज्यात अर्धा दाबला की चाके सुटतात आणि पूर्ण दाबला की मागच्या अवजाराचा शाफ्टही थांबतो. शिवाय परतवाड्याचा मिस्त्री अर्ध्या दिवसात गिअरपेटी खाली उतरवून क्लच प्लेट बदलून देतो, एएमटीची यंत्रणा अडली तर मात्र स्कॅनर असलेल्या गॅरेजपर्यंत गाडी ओढत न्यावी लागते. आमच्या नात्यातल्या एकाची गाडी ऐन हंगामात अशी अकरा दिवस एका वर्कशॉपमध्ये पडून होती, कारण सुटा भाग लांबून यायचा होता.

तरीही खेडे कायमचा आधार ठरेल असे मला वाटत नाही. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच जुन्या असतात, शहराने पाच-सात वर्षे वापरून विकलेल्या. आज शहर जी ऑटोमॅटिक घेते आहे तीच आणखी काही वर्षांनी आमच्या बाजारात उभी राहील, आणि तेव्हा मिस्त्रीलाही नवी विद्या शिकावी लागेल. त्याहून मोठा बदल विजेच्या गाड्यांचा आहे. विजेची मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर देते, म्हणून तिला मध्यस्थ लागत नाही. ना क्लच, ना गिअरांची पेटी, फक्त वेग उतरवणारी दात्यांची एक कायमची जोडी. एसटीची ‘शिवाई’ ही विजेवरची बस 1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, त्याच वर्षी टाटांनी आपल्या ‘एस’ या छोट्या मालवाहू गाडीची विजेवरची आवृत्ती आणली. हाताने गिअर टाकण्याची गाडी ज्या अडचणीतून जन्मली ती अडचणच इथे उरत नाही. ह्युंदाईने 2023 साली आपल्या आयोनिक 5 एन या विजेच्या गाडीत खोटे आठ गिअर बसवले, जे टाकताना गचका बसतो आणि स्पीकरमधून इंजिनाचा आवाज येतो. ही बातमी वाचून मला वाईट वाटले. गिअरचा आवाज चालकाला काहीतरी सांगण्यासाठी असतो. ज्या आवाजामागे सांगण्यासारखे काही नाही, तो मोठ्या बाबांनी मला ऐकायला सांगितला नसता.

मला हाताचा गिअर टिकावा म्हणून टिकवायचा नाही. मला चिंता आहे ती मधल्या काळाची, ज्यात रस्त्यावर दोन्ही प्रकारच्या गाड्या असतील आणि चालवणाऱ्यांपैकी निम्म्यांना एकच येत असेल. गिअरच्या आणि बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना आपल्याकडे वेगवेगळा असतो, पण चारचाकीच्या परवान्यावर अशी नोंदच नसते. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेला माणूस कायद्याने कोणतीही हलकी गाडी चालवू शकतो, आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिलेल्या निकालानुसार त्याच परवान्यावर 7500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की तेवढ्याच गाड्यांचा परवाना मिळतो, जपानमध्ये 1991 पासून असा वेगळा परवाना आहे. मला सर्वांत पटते ती जर्मनीची 2021 पासूनची पद्धत: परीक्षा ऑटोमॅटिकवर द्या, पण त्याआधी क्लचच्या गाडीवर पाऊण तासाच्या किमान दहा तासिका घ्या, म्हणजे दोन्ही चालवायची मुभा मिळेल. त्यात कुणाची वाट अडत नाही आणि गरजेच्या रात्री कुणी परवाना खिशात असून हतबल उभा राहत नाही. आमच्या तालुक्याच्या ड्रायव्हिंग स्कूलांनी एवढे मनावर घेतले तरी पुष्कळ आहे, त्यांच्याकडे क्लचच्या गाड्या अजून आहेत.

मोठे बाबा 2011 साली गेले. जीप गोठ्याशेजारच्या छपरात आहे, रस्त्यावर ती आता जात नाही, पण महिन्यातून एकदा मी तिला वावरात फिरवतो. यंदा फेब्रुवारीत पऱ्हाट्या उपटून झाल्यावर एका रविवारी मी तिच्यावरची ताडपत्री काढत असताना पत्नी मागे येऊन उभी राहिली. ‘‘त्या रात्री गल्लीत जी गाडी होती, ती क्लचची होती,’’ ती म्हणाली. ‘‘मला हीही शिकायची आहे. पण तुम्ही बोलायचे नाही.’’

मी शेजारच्या सीटवर बसलो. बांधावर कुणी नव्हते आणि असते तरी या वेळी मी त्यांना जायला सांगितले असते. पहिल्यांदा जीप गचका खाऊन बंद पडली, दुसऱ्यांदाही पडली. तिसऱ्यांदा तिने क्लच सोडता सोडता पाय मध्येच थांबवला, जीपचे नाक किंचित उठले आणि ती ढेकळांवरून सावकाश चालू लागली. पत्नीने डोके थोडे डावीकडे कलते केले. इंजिनाचा आवाज चढत गेला, आणखी चढला, आणि माझ्या तोंडाशी शब्द आले. मी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून समोरच्या संत्र्याच्या ओळींकडे पाहत राहिलो. शेजारी तिचा डावा पाय खाली गेल्याचा आवाज आला.